पहिले दीड मीटर

कॅलिफोर्नियात गेली काही वर्षे घराभोवतीच्या पाच फुटांच्या पट्ट्यावरून वाद चालू आहे. वणव्याचा धोका जास्त असलेल्या भागांत घराच्या भिंतीपासून पाच फुटांच्या, म्हणजे सुमारे दीड मीटरच्या आत सहज पेट घेईल असे काही असू नये, यासाठी तेथील विधिमंडळाने २०२० साली कायदा संमत केला. सरकारी कागदपत्रांत या पट्ट्याला ‘झोन झीरो’ असे नाव आहे. भिंतीला टेकलेली झुडपे, खिडकीखालचा फुलांचा वाफा, मातीवर पसरलेला लाकडाचा चुरा, घराला येऊन भिडणारा लाकडी कुंपणाचा शेवटचा तुकडा, आडोशाला रचून ठेवलेले सरपण यांचे काय करायचे, याचे तपशीलवार नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते. ती मुदत टळली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी मिळून सोळा हजारांहून अधिक इमारती भस्मसात केल्या, तेव्हा राज्यपालांनी फेब्रुवारीत आदेश काढून हे काम त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत पुरे करण्यास बजावले. त्यानंतरच्या जनसुनावण्यांमध्ये पुष्कळ घरमालकांनी विरोध नोंदवला. माझ्या अंगणात, माझ्याच भिंतीला लागून मी कोणते झुडूप लावावे हे सरकारने का सांगावे, हा त्या विरोधाचा एक ठळक सूर होता.

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. इमारतींच्या आराखड्यांची छाननी करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि माणसाला त्याच्याच घराबद्दल नियम सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे मी अनेकदा पाहिले आहे. नियमामागचे कारण ज्याला समजावून सांगता येत नाही त्याने तो नियम लादू नये, हे माझे मत त्या कामातूनच बनले. त्यामुळे वणव्याबाबतचे निरनिराळ्या देशांतले नियम वाचताना मी प्रत्येक नियमाचे कारण शोधत गेलो, आणि या दीड मीटरमागचे कारण हाती लागले तेव्हा वणव्याबद्दलची माझी स्वतःची समजूतच बदलली.

वणवा म्हटले की झाडांच्या शेंड्यांवरून धावत येणारी ज्वाळांची भिंत डोळ्यांसमोर येते आणि घर त्या भिंतीखाली सापडून जळते असे आपण धरून चालतो. अमेरिकेच्या वन सेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी ही समजूत प्रयोगाने तपासली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत जंगलाचे ठरावीक तुकडे मुद्दाम पेटवून अभ्यास केला जात होता. तेथे कोहेन यांनी जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटर अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या. शेंड्यांतून धावणारी भीषण आग कडेपर्यंत येऊन थांबली, तेव्हा १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या आणि काही वेळा नुसत्याच करपल्या; २० आणि ३० मीटरवरची एकही भिंत पेटली नाही. जंगलातली ज्वाळा कितीही उंच असली तरी एका जागी ती फार थोडा वेळ टिकते, आणि तेवढ्या वेळात वीस-तीस मीटर दूरच्या लाकडाला पेट घेण्याइतकी उष्णता मिळत नाही.

मग जंगलापासून शेकडो मीटर दूर असलेली घरे का जळतात? उत्तर ठिणग्यांमध्ये आहे. वाऱ्यावर स्वार झालेले झाडाच्या सालीचे, काटक्यांचे, शंकूफळांचे जळते तुकडे एक किलोमीटरहून अधिक अंतर उडत जातात आणि जेथे पडतात तेथे इंधन शोधतात. पन्हळीत साचलेला वाळका पाचोळा, वळचणीखालच्या झरोक्यातून दिसणारा पोटमाळा, सज्जाच्या फळ्यांमधल्या फटी, भिंतीला चिकटून वाळत चाललेले झुडूप, या त्यांच्या विसाव्याच्या जागा असतात. ज्वाळांची भिंत निघून गेल्यावर तासाभराने, काही वेळा कित्येक तासांनी, घर असे आपल्याच अंगावरच्या एखाद्या क्षुल्लक वस्तूपासून पेटते. वणव्यानंतरच्या छायाचित्रांत घराच्या जागी राख आणि धुराडे उरलेले असते, आणि शेजारचे झाड मात्र हिरवे उभे असते; असे दृश्य पूर्वी मला चमत्कारासारखे वाटे. आता त्यात आगीचा मार्ग दिसतो.

एकदा पेटल्यावर घर स्वतःच इंधन बनते. झाडाची ज्वाळा मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते, पण लाकूड, प्लास्टिक, गाद्या आणि फर्निचर यांनी भरलेले घर तासन्‌तास जळत राहते आणि शेजारच्या भिंतीवर उष्णतेचा मारा करत राहते. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वीजवाहिनीतून लागलेल्या ‘कॅम्प’ वणव्यात जवळजवळ पूर्ण नष्ट झाले. ८५ माणसे गेली आणि अठरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या. तेथे नंतर झालेल्या अभ्यासात, एखादे घर वाचले की नाही हे ठरवणाऱ्या घटकांमध्ये सर्वांत जवळचे जळालेले घर किती अंतरावर होते, हा घटक फार महत्त्वाचा ठरला.

अंगणातले झुडूप ही माझी खासगी बाब आहे, हे म्हणणे येथे टिकत नाही. माझ्या भिंतीलगतच्या झुडपातून माझे घर पेटले आणि माझे घर शेजाऱ्याच्या घरापासून चार मीटरवर असले, तर माझ्या बागेची किंमत शेजारी मोजतो, आणि त्याची किंमत त्याच्या पलीकडचा. साथीच्या रोगात एकाने घेतलेली लस दुसऱ्याला वाचवते, तसेच हे नाते आहे. सरकारला येथे नियम करण्याचा अधिकार पोहोचतो तो या कारणाने. मालकाला स्वतःचे भले कळत नाही, असे म्हणून तो पोहोचत नाही. कॅलिफोर्नियातील अधिकाऱ्यांनी आणि अग्निशमन दलांनी हा मुद्दा लोकांसमोर याहून कितीतरी ठळकपणे मांडायला हवा होता, असे मला वाटते. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द ऐकून माणूस स्वतःचा धोका पत्करायला तयार होतो. शेजाऱ्याचा धोका पत्करण्याचा हक्क आपल्याला नाही, हे मात्र बहुतेकांना लगेच मान्य होते.

नवीन बांधकामाबाबत नियम उपयोगी पडतात, याला आता पुरावा आहे. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेतील ‘७-अ’ हे प्रकरण २००८ मध्ये लागू झाले. धोक्याच्या पट्ट्यातील नव्या घरांचे छप्पर, बाहेरच्या भिंतींचे आवरण, वळचण, खिडक्यांच्या काचा आणि झरोक्यांच्या जाळ्या ठिणग्यांना व उष्णतेला दाद देणार नाहीत अशा असाव्यात, असे ते सांगते. पॅराडाइजच्या वणव्यानंतर सरकारी नोंदींवरून एका वृत्तसमूहाने जी मोजणी केली तिच्यात वणव्याच्या वाटेतील २००८ नंतरच्या सुमारे साडेतीनशे घरांपैकी ५१ टक्के घरांना धक्का लागला नव्हता. त्याआधीच्या बारा हजारांवर घरांमध्ये हेच प्रमाण १८ टक्के होते. हा फरक मोठा आहे. तरीही तो वाचताना माझी नजर उरलेल्या निम्म्या नव्या घरांकडे जाते, जी नियमाप्रमाणे बांधूनही वाचली नाहीत, आणि त्या बारा हजार जुन्या घरांकडे, ज्यांना तो नियम लागूच नव्हता.

या दोन गोष्टींतच वणव्याच्या नियमांची खरी अडचण आहे. बांधकामाचा नियम घराला एकदा, त्याच्या जन्माच्या वेळी तपासतो. आराखडा मंजूर होतो, पाहणी होते, दाखला मिळतो आणि फाइल बंद होते. भूकंपासाठी हे बऱ्याच अंशी पुरते, कारण पायातली सळई दरवर्षी बदलत नाही. वणव्यासाठी ते पुरत नाही, कारण पन्हळीत पाचोळा दरवर्षी नव्याने साचतो, झुडपे वाढतात, झरोक्याची जाळी गंजून फाटते, आणि घर विकत घेणारा नवा मालक भिंतीला लागून लाकडी मांडव उभारतो. दहाव्या वर्षी ते घर कागदावर सुरक्षित आणि प्रत्यक्षात सरपण झालेले असते. माझ्या कामात मी स्वतः मंजूर केलेल्या इमारतींकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा हे अंतर मला फार अस्वस्थ करून गेले होते, आणि ते भरून काढण्यासाठी माझ्या हाती कोणतेच साधन नव्हते.

निगेचा नियम करण्याचा प्रयत्न अनेक देशांनी केला आहे. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवण्याचे बंधन आहे. २००५ पूर्वी ते ३० फुटांचे होते. तेथे २०१९ च्या एका कायद्याने घराच्या विक्रीला या बंधनाशी जोडले असून, तीव्र धोक्याच्या पट्ट्यातील घर विकताना मोकळा पट्टा राखल्याचा दाखला द्यावा लागतो. मला ही योजना शहाणपणाची वाटते, कारण विक्रीच्या वेळी मालकाच्या हाती पैसा येणार असतो आणि खरेदीदाराला प्रश्न विचारण्याची गरज असते. मात्र जो कधीच घर विकत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

फ्रान्सचा नियम मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटला. तेथे वणव्याचा धोका असलेल्या वनक्षेत्रांत आणि त्यांच्यापासून २०० मीटरच्या आत असलेल्या इमारतींभोवती ५० मीटरपर्यंत झाडोरा साफ ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि हे अंतर स्थानिक आदेशाने १०० मीटरपर्यंत वाढवता येते. विशेष म्हणजे ते अंतर शेजाऱ्याच्या जमिनीत शिरत असेल तर तेथली सफाईही घराच्या मालकानेच, स्वतःच्या खर्चाने करायची असते. त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागावी लागते, आणि शेजाऱ्याने ती नाकारली तर सफाईची जबाबदारी त्या शेजाऱ्यावर जाते. ज्याचे घर त्याचे कर्तव्य, जमीन कोणाचीही असो, हे तत्त्व प्रथम वाचताना विचित्र वाटते. पण विचार करत गेल्यावर त्यातला न्याय दिसतो: जंगलाच्या मालकाने नव्हे, तर जंगलाशेजारी घर बांधणाऱ्याने तो धोका निर्माण केलेला असतो.

पोर्तुगालमध्ये घरांभोवती ५० मीटरचा नियम कागदावर पूर्वीपासून होता. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे येथील वणव्यात ६६ माणसे मेली, त्यांतली बरीचशी पळून जाताना रस्त्यावरच मोटारींत सापडली. त्यानंतर सरकारने २०१८ साली १५ मार्चपूर्वी सफाई पुरी करण्याची मुदत घातली आणि दंड दुप्पट केला. दंडाच्या भीतीने काही लोकांनी बागेतली फळझाडेही तोडली आणि सरकारला खुलासा करावा लागला, की फळझाडे तोडण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये याच्या उलट वाट धरली. घरापासून १० मीटरच्या आतली झाडे आणि ५० मीटरच्या आतली झुडपे परवानगीशिवाय काढण्याची मुभा राज्याने दिली. लवकरच तक्रारी येऊ लागल्या, की आगीचे निमित्त करून समुद्राच्या देखाव्याआड येणारी जुनी झाडे पाडली जात आहेत, आणि ती सवलत आवळावी लागली. सक्ती असो वा सवलत, नियमाचे कारण पोहोचले नाही की लोक त्याचा स्वतःला सोयीचा अर्थ लावतात.

ऑस्ट्रेलियाकडून शिकण्यासारखे आणखी बरेच आहे. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांहून अधिक घरे गेली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने ६७ शिफारशी केल्या. तेथील बांधकाम मानकात प्रत्येक भूखंडासाठी झाडोऱ्याचा प्रकार, त्याचे अंतर आणि जमिनीचा उतार पाहून घरावर किती उष्णता आदळू शकेल याचा अंदाज काढतात आणि त्यानुसार १२.५, १९, २९, ४० किलोवॉट प्रति चौरस मीटर आणि त्यापुढे प्रत्यक्ष ज्वाळेचा टप्पा, अशी प्रतवारी करतात. खिडकीची काच कशी हवी, हे त्या आकड्यावरून ठरते. नकाशात एक मोठा पट्टा लाल रंगवण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण मालकाला तिच्यात स्वतःच्या जमिनीबद्दलचे उत्तर मिळते. व्हिक्टोरियात जंगलाला अगदी लागून घर गमावलेल्या लोकांकडून सरकारने स्वेच्छेच्या तत्त्वावर जमिनी विकतही घेतल्या. काही जागा पुन्हा बांधण्यासारख्या नसतात, हे मान्य करून त्यासाठी पैसे मोजण्याची तयारी फार थोडी सरकारे दाखवतात.

नकाशांची गोष्ट मात्र दुःखद आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत २५ जण दगावले आणि सुमारे तीन हजार घरे गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने शहरी हद्दींतही अतितीव्र धोक्याचे पट्टे आखण्याचा कायदा केला. या पट्ट्याच्या आत कडक संहिता आणि बाहेर नेहमीचे नियम, अशी व्यवस्था झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहरातील कॉफी पार्क ही सपाट, दाट वस्ती सहा पदरी महामार्ग ओलांडून आलेल्या ठिणग्यांनी पेटली आणि हजाराहून अधिक घरे एका रात्रीत गेली. ती वस्ती पट्ट्याबाहेर होती. त्यामुळे पुन्हा घरे बांधतानाही त्यांना ‘७-अ’ लागू झाले नाही. २०२५ मध्ये जळालेल्या, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेना या वस्तीचाही बराच भाग तोपर्यंतच्या नकाशात अतितीव्र पट्ट्याबाहेरच होता. रेषा आखावीच लागते, हे मी कामाच्या अनुभवाने जाणतो. पण जेथे आग प्रत्यक्ष पोहोचली, तेथे नवी घरे जुन्याच नियमाने उभी राहावीत, हे मला आजही पटत नाही.

ओरेगन राज्यात तर नकाशाच गेला. २०२० च्या सप्टेंबरातील वणव्यांत तेथे चार हजारांहून अधिक घरे नष्ट झाली आणि टॅलेंट व फीनिक्स ही गावे होरपळली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने व्यापक कायदा करून राज्यातील प्रत्येक भूखंडाचा धोका दाखवणारा नकाशा तयार करण्यास सांगितले, जेणेकरून जास्त धोक्याच्या भूखंडांवर बांधकामाचे आणि मोकळ्या पट्ट्याचे नियम लागू करता यावेत. जून २०२२ मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला आणि लोकांना टपालाने कळवण्यात आले, की तुमची जमीन धोक्याची आहे. विम्याचे हप्ते वाढतील, घराची किंमत पडेल, या भीतीने एवढा क्षोभ उसळला की ऑगस्टमध्ये तो मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये विमा कंपन्यांना तो नकाशा वापरण्यास कायद्याने मनाई झाली, तरी अविश्वास गेला नाही. सुधारलेला नकाशा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि त्याच वर्षी जुलैत, नकाशा आणि त्यावर आधारलेली सक्ती दोन्ही रद्द करणारा कायदा झाला. आता आदर्श नियम राज्य सुचवते, आणि ते स्वीकारायचे की नाही हे स्थानिक संस्था ठरवतात.

नकाशाला दोष देणारे लोक चुकले होते असे म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या हाती नेमके काय पडले होते? एक रंग आणि एक सूचनापत्र. आपला उतार, आपली झाडी, आपण आधीच साफ केलेला पट्टा त्या रंगात कुठे मोजला गेला, हे त्यांना कळत नव्हते. आणि घरात बदल करायचे तर पैसे कोठून आणायचे, हे त्या पत्रात समाधानकारकपणे सांगितलेले नव्हते. धोका सांगणारे सरकार आणि मदत करणारे सरकार एकाच पत्रातून भेटायला हवे होते.

विम्याच्या बाबतीत हाच धडा कॅलिफोर्नियाने काही अंशी घेतलेला दिसतो. २०२२ पासून तेथील नियमांप्रमाणे, घर आणि परिसर वणव्यासाठी सुरक्षित करणाऱ्या मालकाला विमा कंपन्यांनी सवलत द्यावी लागते, त्याच्या घराला दिलेला धोक्याचा गुणांक त्याला कळवावा लागतो, आणि त्याला त्याविरुद्ध दादही मागता येते. आपत्ती घोषित झालेल्या भागात वर्षभर विमा रद्द करण्यावर बंदी आहे. सवलत पुरेशी आहे का, यावर मतभेद आहेत. पण मालकाने झरोक्याला बारीक जाळी लावली तर ती कोणीतरी मोजेल, ही हमी मला फार मोलाची वाटते.

पॅराडाइजमध्ये मृत्युमुखी पडलेल्यांपैकी बहुसंख्य ६५ वर्षांवरचे होते. निवृत्तीनंतर स्वस्त आणि शांत जागा म्हणून अशा गावांत माणसे येऊन राहतात, आणि पन्हळ साफ करण्यासाठी शिडीवर चढणे त्यांतल्या अनेकांना शक्य नसते. छप्पर बदलणे हा फार मोठा खर्च आहे, पण झरोक्यांच्या जाळ्या, कुंपणाचा शेवटचा तुकडा आणि भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा ही कामे एका घरासाठी दोन माणसे एक-दोन दिवसांत करू शकतात. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर सूचनापत्राच्या जागी शिडी, तीन मिलिमीटरची जाळी आणि काम करणारी दोन माणसे पाठवावीत, आणि खर्च सार्वजनिक निधीतून करावा, असे मी कोणत्याही सरकारला सुचवीन. दंड त्यानंतरच्या वर्षी आकारावा, आणि ज्याने मदत घेऊनही पुन्हा झुडूप भिंतीला टेकवले त्यालाच आकारावा.